गृहव्यवहार : उघड्या कानांचे हेडफोन

या सदरांत आजवर पाणी तापविण्याचीं साधनें, धान्य सांठविण्याच्या कोठ्या, मुलांच्या अभ्यासाची खोली अशा घरभर पुरणाऱ्या विषयांचा विचार झाला. या महिन्याची वस्तु मुठींत मावेल एवढी आहे आणि तिची किंमतहि दोन-अडीच हजार रुपयांच्या आंतबाहेर आहे. परंतु तिच्यापायीं आमच्या घरांत आठ दिवस जो खल झाला, तेवढा लग्नाच्या याद्या करतांनाहि झाला नसेल. त्या खलांतून जें निघालें तें बहुतेक एकत्र कुटुंबांच्या उपयोगीं पडण्यासारखें असल्यामुळें वाचकांपुढें मांडीत आहें.

आमची सूनबाई, म्हणजे वडील बंधूंची सून, एका कंपनीचें काम घरीं बसूनच करते. सकाळीं नऊपासून सायंकाळीं सहापर्यंत तिच्या कानांत रबरी बोंडांचे ते छोटे हेडफोन असतात. साऱ्या बैठका त्यांतूनच होतात. एका मंगळवारीं दुपारीं आमच्या वहिनी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. त्यांचें वय सत्तर. अण्णा वाचनालयांत, आम्ही उभयतां बँकेंत, नात शाळेंत. घरांत त्या दोघीच होत्या. वहिनींनीं हांका मारल्या, तांब्या फरशीवर आपटला. पण मधल्या दोन भिंती आणि कानांतलीं बोंडें ओलांडून तो आवाज पोंचला नाहीं. वीसएक मिनिटांनीं बैठक संपल्यावर सूनबाई पाणी प्यावयास उठली, तेव्हां प्रकार तिच्या ध्यानीं आला. दैव बरें म्हणून घोटा मुरगळण्यावर निभावलें. हाड मोडलें नाहीं.

वहिनी त्याविषयीं एक अक्षर बोलल्या नाहींत, आणि तेंच सूनबाईस अधिक लागलें. अण्णा मात्र रात्रीं पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "कानांत बोळे घालून बसणाऱ्या माणसाच्या भरंवशावर घर टाकूं नये." सूनबाई त्या रात्रीं जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, कान उघडे ठेवणारे हेडफोन मिळतात म्हणे. चांगले फार महाग आहेत. स्वस्तांतले घेतले तर चालतील का, तुम्ही जरा बघाल?" मीं जन्मभर शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें, तेव्हां असला प्रश्न माझ्याकडे यावा हें ठीकच झालें.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. बाजारांत मिळणाऱ्या बिनतारी हेडफोनांचे या कामापुरते तीन प्रकार मानावे. पहिला कानाची नळी बुजविणारा. त्याचें रबरी बोंड आंत घट्ट बसतें आणि बाहेरचा आवाज अडवितें. दुसरा हवेंतून ऐकविणारा उघडा प्रकार. यांत एक लहानसा ध्वनिक्षेपक कानाच्या मुखाजवळ, पण कानाबाहेर, टांगलेला असतो. तो एकतर कानामागून वळलेल्या आंकड्यानें राहतो, नाहींतर बुगडीसारखा कानाच्या कडेला चिमटा घेऊन बसतो. तिसरा हाडांतून ऐकविणारा. त्याचीं दोन बटणें कानासमोर गालाच्या हाडावर टेकतात व तेथें थरथर उत्पन्न करितात. ती थरथर कवटीच्या हाडांतून अंतःकर्णास पोंचते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत कानाची नळी मोकळी राहते. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, मुलाचें रडणें हें सर्व पूर्वीप्रमाणेंच ऐकूं येतें.

हाडांतून ऐकणें ही कल्पना नवी आहे असें मात्र समजूं नये. इटलींतील कार्दानो या वैद्यानें सोळाव्या शतकांतच दांतांत धरलेल्या दांडीवाटे ध्वनि ऐकूं येतो हें नमूद केलें होतें. १८५५ सालीं जर्मनींतील रिने या डॉक्टरानें नादकांटा कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरून बहिरेपणाचा प्रकार ओळखण्याची रीत सांगितली. ती आजहि कानाचे डॉक्टर वापरतात. १९२४ सालीं अमेरिकेंत ह्यूगो गर्न्सबॅक यांस दांतांत धरून ऐकण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. नवें काय तें एवढेंच कीं यंत्र लहान झालें, तार गेली आणि किंमत मध्यम स्थितींतल्या माणसाच्या हातापर्यंत उतरली.

किंमत उतरली कीं खोटा मालहि येतो. शनिवारीं सूनबाईस घेऊन मी बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत गेलों. एका दुकानदारानें एक हेडफोन पुढें केला. म्हणाला, "साहेब, अस्सल हाडांतून ऐकायचा माल आहे. पंधरा हजारांची वस्तु दीड हजारांत." मीं तो चढविला, गाणें लावावयास सांगितलें आणि दोन्हीं कानांत बोटें घातलीं. आवाज जवळजवळ नाहींसा झाला. म्हणजे वस्तु हाडांतून ऐकविणारी नव्हती. हवेंतून ऐकविणारा साधा ध्वनिक्षेपक गालाजवळ बसविला होता.

ही परीक्षा वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तिच्यामागचें तत्त्व घरबसल्या पडताळून पाहतां येतें. तोंड मिटून एक हुंकार भरावा आणि भरतां भरतांच दोन्हीं कान बोटांनीं बंद करावे. हुंकार कमी होण्याऐवजीं एकदम भरदार होतो. हाडांतून आलेला ध्वनि एरव्हीं कानाच्या नळींतून थोडाबहुत बाहेर निघून जातो. नळी बुजविली कीं तो आंतच कोंडतो, आणि विशेषेंकरून खालचे स्वर वाढतात. खरा अस्थि-हेडफोन कान बुजविल्यावर मोठा ऐकूं येईल. खोटा असेल तर आवाज पडेल. दुकानदार माझ्यावर रागावला नाहीं. त्यानें तो हेडफोन हंसत परत घेतला व म्हणाला, "इतकें कुणी बघत नाहीं, साहेब."

तथापि हवेंतून ऐकविणारा उघडा हेडफोन ही कांहीं हलकी वस्तु नव्हे. ती तिच्या खऱ्या नांवानें विकली तर अल्प किंमतींत तीच बहुधा अधिक पटते. कारण स्वस्त अस्थि-हेडफोन आवाज वाढवितांच गालावर गुदगुल्या करूं लागतो. आम्ही दुसऱ्या दुकानांत तसला एक पाहिला. किंमत दोन हजार चारशें. त्याचे गुणदोष तेथल्या तेथें टिपून घेतले ते असे.

डग्ग्याचा घुमारा व तंबोऱ्याचा खर्ज यांत फारच क्षीण येतो. हा स्वस्तपणाचा दोष नव्हे, उघडेपणाचाच आहे. बंद नळींतली चिमूटभर हवा दाबावयास इवलासा पडदा पुरतो. तोच पडदा मोकळ्या हवेंत खालचे स्वर उत्पन्न करूं लागला तर ते चोहींकडे पांगून जातात. महागड्या यंत्रांत हा दोष कमी होतो, पण नाहींसा होत नाहीं. म्हणून ज्यास मैफल ऐकावयाची आहे त्यानें हे घेऊं नयेत. बोलणें मात्र स्वच्छ ऐकूं येतें. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यांतच बोलणें पोंचवीत असे आणि त्यावर जगाचे व्यवहार चालले. तेवढा पट्टा हा लहान हेडफोन सहज सांभाळतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. उघड्या हेडफोनांतून थोडा आवाज बाहेरहि सांडतो. शांत खोलींत जवळच्या माणसास तो ऐकूं येतो. कार्यालयाच्या खाजगी गोष्टी ज्यांस ऐकावयाच्या असतात त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तिसरी गोष्ट बोलण्याची. आपल्याला उत्तम ऐकूं आलें, पण समोरच्यास आपल्याऐवजीं मिक्सरच ऐकूं आला तर काय उपयोग? स्वस्त यंत्रांत खरी काटकसर ध्वनिग्राहकावर केलेली असते. दुकानाच्या दाराशीं उभें राहून दोन वाक्यें फोनांत मुद्रित करावीं आणि तीं ऐकूनच पैसे द्यावे. चौथी गोष्ट बसण्याची. सूनबाईस चष्मा आहे. चष्म्याची दांडी आणि हेडफोनाचा आंकडा एकाच जागीं आले कीं तासाभरांत कान दुखतो. तिला चिमट्याचा प्रकार सोईचा पडला. हें कागदावरून कळत नाहीं. वस्तु कानावर चढवूनच कळतें.

पाणी लागण्याविषयीं आयपीएक्स हीं अक्षरें व त्यापुढें आंकडा छापलेला असतो. ४ म्हणजे कोणत्याहि बाजूनें उडालेले शिंतोडे सोसेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहिलें तरी चालेल. घाम व पावसाची सर यांस ४ पुरे. ब्लूटूथानें एकाच वेळीं दोन यंत्रांशीं जोडतां येतें का, हेंहि विचारावें. कार्यालयाचा संगणक आणि स्वतःचा फोन असें दोन्हीं सांभाळणारास ती सोय लागतेच. वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण पाहावी, आणि पावतीवांचून वस्तु घेऊं नये.

शेवटीं आयुष्याचा हिशेब. यांतली लिथियमची बॅटरी दिवसेंदिवस क्षीण होत जाते आणि ती बदलतां येत नाहीं. दोन ते अडीच वर्षें चांगलें काम दिलें तर दोन हजार चारशें रुपयांस दरमहा शंभर ते ऐंशीं रुपये पडले असें धरावें. रोजच्या कामाच्या वस्तूस हें अवाजवी नाहीं. महिन्यांतून दोनदां फिरावयास जातांना लावणारासाठीं हीच किंमत उधळपट्टी आहे.

यानंतर एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. कान उघडा राहतो म्हणून तो सुरक्षित राहतो असें पुष्कळांस वाटतें. नळींत ओल कोंडत नाहीं, मळ आंत ढकलला जात नाहीं, हें खरें. पावसाळ्यांत ज्यांच्या कानांत बुरशी धरते त्यांना तेवढा लाभ आहेच. पण ध्वनि हवेंतून येवो वा हाडांतून येवो, तो झेलणारें अंतःकर्ण एकच आहे आणि मोठ्या आवाजानें झिजतें तेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेलें प्रमाण प्रौढांस आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांस तितकेच तास ७५ डेसिबल असें आहे. दर तीन डेसिबल वाढले कीं मुदत निम्म्यावर येते : ८३ डेसिबलांस २० तास, ८६ डेसिबलांस १० तास. उघडा हेडफोन रस्त्याचा गोंगाट आंत येऊं देतो, आणि त्यावर मात करण्यासाठीं माणूस नकळत आवाज चढवितो. म्हणून कर्वे रस्त्यावर ऐकावयाचा हा प्रकार नव्हे. टेकडीवर, घरांत, शांत गल्लींत याचें काम.

येथवर विचार झाला तोंच अण्णांनीं आपला फोन माझ्यापुढें धरला. त्यांत एक जाहिरात होती : हाडांतून ऐका, कमी ऐकूं येणाऱ्यांसहि उपयुक्त. "दोन घेत असाल तर तीन घ्या. मलाहि दूरचित्रवाणीच्या बातम्या हल्लीं नीट कळत नाहींत," अण्णा म्हणाले. अण्णांचें वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या बातम्या शेजारच्या इमारतींत ऐकूं जातात हें सर्वांस ठाऊक होतें. पण कारण विचारावयाचें धैर्य कोणींच केलें नव्हतें. मागच्याच महिन्यांत दुधाच्या हिशेबांत वहिनींनीं 'साठ' म्हटलें, अण्णांनीं 'आठ' ऐकलें आणि दोघांत अकारण कुरबुर झाली होती.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलों. त्यांनीं रिनेच्या रीतीनें नादकांटा वाजवून पाहिला आणि मग बंद खोलींत यंत्रावर श्रवणाचा आलेख काढविला. निदान स्पष्ट होतें : नळींत किंवा पडद्यांत दोष नव्हता, अंतःकर्णच वयानें झिजलें होतें, आणि झीज वरच्या स्वरांत अधिक होती. मराठींतले स्वर खालच्या पट्टींतले; 'स', 'श', 'फ', 'च' यांची ओळख वरच्या पट्टीवर. म्हणून अशा माणसास आवाज येतो पण शब्द येत नाहीं, आणि तो म्हणतो, "तुम्ही पुटपुटतां." अस्थि-हेडफोनाचा फायदा व्हावयाचा तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानांत असावा लागतो. झिजलेल्या अंतःकर्णास ध्वनि कोणत्याहि वाटेनें नेला तरी पाहुणा त्याच दारीं येणार. अण्णांना हवें होतें तें त्यांच्या आलेखाप्रमाणें जुळविलेलें श्रवणयंत्र.

याची किंमत हेडफोनाच्या अनेक पट असते, म्हणून लोक टाळतात. पण टाळण्याचीहि किंमत असते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेच्या आयोगानें २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्हीं अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाची गणना केली आहे. श्रवणाची तपासणी करून घेण्यास फारसा खर्च नाहीं. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठीं आहे.

परत येतांना अण्णा रिक्षांत गप्प होते. घरीं येऊन पाय धुतले आणि सरळ सूनबाईच्या टेबलापाशीं जाऊन उभे राहिले. "सूनबाई," ते म्हणाले, "त्या मंगळवारीं मी घरांत असतों तरी मला कांहीं ऐकूं आलें नसतें. मीं तुला बोलावयास नको होतें." सूनबाईनें कानांतलीं बोंडें काढलीं, पण ती कांहीं बोलूं शकली नाहीं.

आतां विषय संपला असें मला वाटलें. पण आमच्या कुटुंबानें तो पुन्हां उघडला. "दर शनिवारीं तिचा नवरा घरीं बसून काम करतो," ती म्हणाली. "त्याचे ते मोठे हेडफोन सगळा आवाज गिळणारे. त्याला कोणी विचारलें का, कीं आई पडली तर तुला कसें कळेल? कान उघडे ठेवण्याचा नियम एकट्या सुनेलाच कां?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें, आणि वाचकांपैकीं कोणापाशीं असेल असें वाटत नाहीं. मग सूनबाईनेंहि धीर करून मनांतलें सांगितलें. उघडे हेडफोन तिला हवे होते. पण कान उघडे दिसले कीं भर बैठकींत कोणीहि 'दूध उतरव ग' म्हणून हांक मारील, याची तिला धास्ती होती. "मला आईंची हांक ऐकूं यायला हवी आहे, काका," ती म्हणाली, "पण सगळ्यांच्या सगळ्या हांका नकोत."

मीं मनाशीं पुन्हां हिशेब मांडला. आमच्यापुढें प्रश्न दोन होते आणि आम्ही ते एकाच वस्तूच्या गळ्यांत बांधीत होतों. पडलेल्या माणसाची हांक ऐकूं येणें हा सुरक्षिततेचा प्रश्न. तो कोणा एकाच्या कानांवर सोंपवूंच नये. माणूस झोपतें, बाहेर जातें, म्हातारें होतें. त्यासाठीं न्हाणीघरांत बिनतारी घंटेचें, पाण्यास न भिणारें बटण बसविलें. तें उभ्या माणसाच्या सोयीनें नव्हे, तर पडलेल्याचा हात पोंचेल असें, जमिनीपासून हातभर उंचीवर. घंटेचा एक डबा स्वयंपाकघरांत आणि एक, दिवा लुकलुकणारा, कामाच्या टेबलावर. जोडीस भिंतीला धरावयाची दांडी आणि खालीं रबरी चटई. घंटेचें सामान हेडफोनाच्या निम्म्याहून कमी किंमतींत झालें; आणि तेंच आधीं घ्यावयास हवें होतें.

काम करतांना घरापासून तुटल्यासारखें न वाटणें हा दुसरा प्रश्न. तो सूनबाईच्या सोयीचा, आणि निवडहि तिचीच. तिनें ते दोन हजार चारशेंचे उघडे हेडफोन घेतले. महत्त्वाच्या बैठकीस ती अजून बंद बोंडेंच घालते. त्या वेळीं दारावर एक कागद असतो आणि घरांतलें दुसरें कोणीतरी कान देऊन असतें. शनिवारीं तो कागद तिच्या नवऱ्याच्या दारावर लागतो आणि पाळी बदलते. अण्णांचें श्रवणयंत्र महिनाभराच्या चांचणीवर आहे. पहिले आठ दिवस भांड्यांच्या आवाजानें ते त्रासले. आतां वहिनींशीं हिशेब मात्र एका बोलण्यांत होतो.

वाचकांस थोडक्यांत सांगावयाचें तर असें. घरांत लहान मूल वा वृद्ध माणूस असून तुम्हांस रोज फोनवर बोलावें लागत असेल, तर दोन-अडीच हजारांचे उघडे हेडफोन अवश्य घ्यावे. कान बुजवून, दोन वाक्यें मुद्रित करून आणि चष्म्यासह चढवून पाहून मगच घ्यावे. संगीतासाठीं किंवा गजबजलेल्या रस्त्यासाठीं घेऊं नयेत. कमी ऐकूं येतें म्हणून तर मुळींच घेऊं नयेत. आधीं तपासणी करावी. आणि घरांतल्या कोणासाठीं ही वस्तु आपण आग्रहानें घेत असूं, तर ती त्याच्या सोयीसाठीं कीं आपल्या, हा प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच स्वतःस विचारावा.

घंटा बसविल्यापासून ती एकदांच वाजली. नातीनें गंमत म्हणून बटण दाबलें होतें. पण वाजतांक्षणींच घरांतलीं चार माणसें चार दिशांनीं न्हाणीघराकडे धांवलीं, आणि त्यांत सर्वांच्या पुढें अण्णा होते.